आधी जहाज की आधी माणूस?

१८९८च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग जर्नल’ या दैनिकात एक क्रमशः कादंबरी सुरू झाली. तिचा नायक होता थॉमस अल्वा एडिसन, तोच दिव्याचा आणि फोनोग्राफचा, तेव्हा पन्नाशीत असलेला आणि धडधाकट. एडिसन शंभर विद्युतजहाजांचा ताफा बांधतो, लॉर्ड केल्विन आणि राँटजेन अशा बड्या शास्त्रज्ञांना बरोबर घेतो आणि मंगळावर चाल करून जातो. लेखक गॅरेट सर्व्हिस वर्तमानपत्रांतून खगोलशास्त्र सोपं करून सांगायचा. एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९७मध्ये इंग्लंडच्या ‘पिअरसन्स’ मासिकात आली होती. अमेरिकी दैनिकांनी लंडनच्या जागी आपापली शहरं घालून ती छापली आणि वेल्स चिडला. त्याच्या कथेत मंगळवासी जंतूंमुळे मरतात, माणसाचं त्यात कर्तृत्व काहीच नाही. अमेरिकी वाचकाला हे कसं पचावं? म्हणून ‘एडिसन्स कॉन्क्वेस्ट ऑफ मार्स’.

कादंबरी म्हणून ती सामान्य आहे. मोहिमेसाठी पैसे जमवायला जगभरचे राजे वॉशिंग्टनला येतात, तो भाग तर नकळत विनोदी झालाय. पण त्यात आयना आहे. मंगळावर उतरलेल्या माणसांना एका घरात एक मानवी तरुणी बंदिवान अवस्थेत सापडते. हजारो वर्षांपूर्वी मंगळवासीयांनी पृथ्वीवरून माणसं पळवून नेली, त्यांच्या वंशातली ती शेवटची. आणि ती माणसं होती काश्मीरच्या खोऱ्यातली! हायडेलबर्गचा एक प्राध्यापक तिची भाषा शिकतो आणि तिच्यात त्याला आर्य भाषांचं मूळ दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय विद्वानांच्या डोक्यात काय घोळत होतं, हे त्यावरून कळतं.

ताफ्याची ताकद कमी पडते. विघटनाची शस्त्रं असूनही एडिसन हरत आलेला असतो. मग आयना सांगते की मंगळाच्या सखल प्रदेशांचं पाणी कुठल्या दरवाजांनी अडवलंय आणि ते चालवणारी यंत्रणा कुठे आहे. ती यंत्रणा हाती आल्यावर पूर येतो आणि युद्ध संपतं. म्हणजे जिला सोडवायचं तिनेच सोडवणाऱ्यांना वाचवलं. शत्रूचं जहाज थांबवायचं आणि पळवलेली माणसंही सोडवायची, या प्रकारच्या कथांच्या जवळपास सव्वाशे वर्षांच्या प्रवासात मला हा धागा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शत्रूला आतून पाहिलेलं असतं ते फक्त कैद्याने.

आपल्याला यात नवल वाटू नये. पळवून नेणारा रथ अडवायला पहिला धावला तो जटायू. वाल्मीकींच्या कथेत तो रावणाचा रथ मोडतोही, पण सीता सुटत नाही. ती वाटेत दागिने टाकते आणि मागावर असलेल्यांना दिशा मिळते. पुढे हनुमान तिला पाठीवरून न्यायला तयार असतो, तेव्हा नकार देणारीही तीच. वाहन अडवणं आणि माणूस परत आणणं या दोन वेगळ्या मोहिमा आहेत, हे त्या कथेला पक्कं ठाऊक आहे.

अंतराळात तर या दोन मोहिमांमधलं अंतर भौतिकशास्त्रच वाढवतं. जहाज थांबवायला नेम पुरतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या लघुग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने आदळलं. त्यात स्फोटकं नव्हती. यानाचं वजन जेमतेम पावणेसहाशे किलो होतं, तरी मोठ्या लघुग्रहाभोवतीची डायमॉर्फसची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. वेग हाच दारूगोळा.

आता शत्रूच्या जहाजात आपली माणसं आहेत असं समजा. मग आदळून चालत नाही, शेजारी जाऊन वेग जुळवावा लागतो. जमिनीपासून चारशे किलोमीटरवर प्रत्येक गोष्ट सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते आणि दोन यानं जोडायची तर त्यांच्यातला फरक सेकंदाला काही सेंटिमीटरवर आणावा लागतो. इस्रोच्या ‘स्पेडेक्स’मध्ये हे आपण पाहिलं. प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी सुटले. जोडणी पुढे ढकलावी लागली, मध्ये ते तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा मागे घेतले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी जोडणी झाली. दोन्ही उपग्रह आपलेच होते, आज्ञाधारक होते आणि कुणी गोळ्या झाडत नव्हतं. शत्रूचं जहाज मात्र वेग बदलणार, वळणार आणि येणाऱ्याला लांबूनच बघणार, कारण थंड, काळ्या आकाशात इंजिनाची उष्णता लपवता येत नाही. चित्रपटातला नायक दहा सेकंदांत शत्रूच्या जहाजाला चिकटतो ते बघायला मजा येते, पण खरा थरार त्या कंटाळवाण्या तासांमध्ये आहे आणि तो फार थोड्या लेखकांनी वापरला.

या कथांचं मूळ मात्र विज्ञानात नाही, ते अमेरिकेच्या सीमाप्रदेशात आहे. १६७६मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लँकेस्टर गावावर मूळनिवासींचा हल्ला झाला आणि मेरी रोलँडसन ही धर्मोपदेशकाची बायको पकडली गेली. अकरा आठवड्यांनी खंडणी देऊन तिला सोडवलं. १६८२मध्ये आलेलं तिचं पुस्तक खूप खपलं आणि ‘कैदेच्या कहाण्या’ हा एक प्रकारच रुजला. त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी खरी कहाणी टेक्सासच्या सिंथिया अ‍ॅन पार्करची. १८३६मध्ये, नऊएक वर्षांची असताना कोमांची लोकांनी तिला नेलं. १८६०मध्ये रेंजर्सनी तिला ‘सोडवलं’, तेव्हा ती कोमांची बायको आणि आई झालेली होती. तिने परत पळून जायचे प्रयत्न केले, तिला जाऊ दिलं नाही आणि ती झुरून गेली. ज्या सुटकेची तिने कधी मागणी केली नव्हती ती सुटका तिच्यावर लादली गेली. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ (१९५६) या चित्रपटामागे अशाच घटना आहेत. तिथला जॉन वेन पुतणीला शोधत वर्षानुवर्षं फिरतो आणि ती सापडल्यावर तिला मारून टाकावं का, असा विचार करतो.

जॉर्ज ल्यूकसने ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) जळून गेलेल्या घराचं दृश्य त्याच चित्रपटावरून घेतलं. बाकी राजकन्येची सुटका वगैरे वरवर परीकथा आहे, पण ल्यूकसने एक बारीक गाठ मारून ठेवली आहे. राजकन्या लेयाला शत्रूच्या डेथ स्टार या महाजहाजातून इतक्या सहज पळू दिलं जातं, कारण ती पळते त्या जहाजावर माग काढणारं यंत्र बसवलेलं असतं. सुटका झाली म्हणूनच शत्रूचं महाजहाज बंडखोरांच्या तळापर्यंत पोहोचतं. तिने आधीच लपवून पाठवलेले त्या महाजहाजाचे नकाशे नसते तर या शूर सुटकेने सगळ्यांचा घात केला असता. एकामागून एक उड्या मारणाऱ्या नायकांच्या गोंधळात हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

त्याआधीची चार-पाच दशकं थोडक्यात उरकता येतात. १९३४पासूनचा अ‍ॅलेक्स रेमंडचा ‘फ्लॅश गॉर्डन’ इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याकडेही माहीत आहे. मोंगो ग्रह, सम्राट मिंग आणि दर थोड्या पानांनी पकडली जाणारी डेल आर्डेन. चित्रं अजूनही देखणी आहेत, पण डेलला कैदेत काय कळलं हे कुणी विचारत नाही. ‘स्टार वॉर्स’नंतर ‘इंडिपेन्डन्स डे’ने (१९९६) उलट टोक गाठलं. शत्रूच्या जहाजात आपलं कुणी नाही, तेव्हा ते उडवलं की झालं! इतका सोपा प्रश्न असल्यावर उत्तरही तसंच.

दूरचित्रवाणीला मात्र वेळ होता. १९८३ची ‘व्ही’ मालिका केनेथ जॉन्सनने फॅसिझमच्या कल्पनेवरून उभी केली. पन्नास महाजहाजं जगातल्या मोठ्या शहरांवर येऊन थांबतात, ‘पाहुणे’ गोड बोलतात आणि माणसं गायब होऊ लागतात. ती जहाजांत साठवून ठेवलेली असतात, अन्न म्हणून. नायकाचा मुलगाही पकडला जातो आणि पुढच्या भागात तो परत येतो, पण त्याचं मन फिरवलेलं असतं. सुटून आलेलं माणूस तेच असेल का, हा ‘सर्चर्स’चा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. २०११ची ‘फॉलिंग स्काइज’ आणखी पुढे गेली. पळवलेल्या मुलांच्या पाठीच्या कण्यावर एक जिवंत पट्टा चिकटवलेला असतो आणि तो काढताना मूल दगावू शकतं. वाचलेला मुलगा आता नुसता मुलगा राहिलेला नसतो आणि आपल्याच लोकांचा संशय तो रोज झेलतो. या मालिकेत पुष्कळ रटाळपणा आहे, पण या एका गोष्टीसाठी ती पाहावी.

आणि मग बोर्ग. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चा ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ हा दोन भागांचा प्रसंग माझ्या मते या साऱ्या परंपरेतला सर्वोत्तम आहे. बोर्ग या एकाच सामूहिक मनाने चालणाऱ्या शत्रूचं घनाकृती जहाज पृथ्वीकडे निघालंय. ते कॅप्टन पिकार्डला उचलून नेतात, यंत्रांनी जखडतात आणि ‘लोक्युटस’ या नावाने स्वतःचा प्रवक्ता बनवतात. पिकार्डला परत आणायला गेलेल्या तुकडीला तो दिसतो आणि हात हलवत परतावं लागतं. शेवटी सहायक रायकर एका नव्या शस्त्राचा मारा करायचा हुकूम देतो, समोर कॅप्टन आहे हे माहीत असूनही. १८ जून १९९० रोजी अमेरिकेत पहिला भाग तिथेच संपला आणि प्रेक्षक सप्टेंबरपर्यंत लटकले. लिहिणाऱ्या मायकेल पिलरलाही पहिला भाग लिहिताना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं!

दुसऱ्या भागात शस्त्र निकामी ठरतं. का? ते शस्त्र काय आहे हे पिकार्डला ठाऊक होतं आणि म्हणून बोर्गलाही. कैद्याचं ज्ञान इथे आधी शत्रूच्या कामी येतं. वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळच्या लढाईत पिकार्डच्या बाजूची, म्हणजे फेडरेशनची ३९ जहाजं आणि सुमारे ११,००० जीव जातात. मग रायकर सगळ्यांना वेडेपणा वाटेल असं करतो. आधी जहाज नाही, आधी माणूस. पिकार्डला पळवून आणल्यावर डेटा हा यंत्रमानव त्याच्या मेंदूतून बोर्गच्या सामूहिक मनात शिरतो आणि त्या तंद्रीतला पिकार्डच झोपेचा इशारा देतो. बोर्गना झोपेची आज्ञा जाते आणि घन जहाज स्वतःलाच उडवून घेतं. आयनाने पाण्याचे दरवाजे दाखवले तसंच हे, फक्त बिचाऱ्या पिकार्डला त्याआधी अकरा हजारांच्या मृत्यूत भागीदार व्हावं लागलं.

पुढच्याच आठवड्यातला भाग तर एकही लढाई नसलेला आहे. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, द्राक्षमळा सांभाळणाऱ्या भावाकडे जातो. दोघं भाऊ चिखलात मारामारी करतात आणि पिकार्ड रडतो, कारण तो बोर्गना अडवू शकला नव्हता. सुटकेनंतर माणसाचं काय होतं हे दाखवायची हिंमत अशा मालिकांमध्ये क्वचितच दिसते. १९९३ला ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झाली ती वुल्फ ३५९च्या लढाईनेच. त्यात बायको गमावलेला सिस्को पिकार्डसमोर बसतो आणि त्याला क्षमा करू शकत नाही. एकाला सोडवलं, बाकीच्यांचं काय, हा हिशेब कुणीतरी मागायला हवा होता, तो सिस्कोने मागितला.

२००५मध्ये दोन वेगळी उदाहरणं आली. ‘डॉक्टर हू’मध्ये दोनशे जहाजांच्या ताफ्यात पाच लाखांच्या आसपास डालेक हे शत्रू आहेत आणि त्यांच्याकडे डॉक्टरची साथीदार रोझ ओलीस आहे. त्यांच्यापुढे झुकायला डॉक्टर सरळ नकार देतो. हाती शस्त्र नाही, योजना नाही, पण आधी रोझ आणि मग पृथ्वी, हा क्रम तो शत्रूलाच सांगून टाकतो. स्पीलबर्गच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये बाप मुलीसाठी मुद्दाम पकडला जातो आणि यंत्राच्या पोटातूनच हातबाँब लावतो. सोडवणं आणि थांबवणं एकाच क्षणी होतं, पण त्यासाठी सोडवणाऱ्याला आधी कैदी व्हावं लागलं.

मराठीत असे ताफे फारसे नाहीत. आपली आधुनिक विज्ञानकथा बरीचशी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेच्या आधाराने वाढली. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती तिथेच. त्यांचा ओढा कोड्याकडे जास्त. ‘वामन परत न आला’मध्ये धोका तोफा घेऊन येत नाही. तो जमिनीखालच्या पेटीत, एका लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून मिळतो. ही उणीव आहे असं मी म्हणणार नाही, पण आपल्या लेखकांना अपहरणाच्या कथेची एवढी मोठी परंपरा हाताशी असताना त्यांनी ती अंतराळात का नेली नाही, याचं कुतूहल वाटतं.

उलट आपल्या उपखंडाने पात्रंच फिरवली. सत्यजित राय यांनी १९६७मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहिली, तिच्यात परग्रहवासी निरुपद्रवी होता. तो चित्रपट बनला नाही. ‘कोई... मिल गया’मध्ये (२००३) पकडला जातो तो जादू नावाचा परग्रहवासी आणि सोडवणारी माणसं. पण ही उलथापालथ शेवटपर्यंत नेली ती दक्षिण आफ्रिकेतल्या नील ब्लोमकॅम्पने ‘डिस्ट्रिक्ट नाइन’मध्ये (२००९). जोहान्सबर्गवर १९८२मध्ये एक जहाज येऊन बंद पडतं. आतले भुकेले परग्रहवासी छावणीत डांबले जातात, त्यांच्याभोवती पत्र्याच्या झोपड्या उठतात आणि हकालपट्टीच्या नोटिसा येतात. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून लोकांना असंच उठवलं होतं. आता कैदी ते आहेत आणि काटेरी कुंपण आपलं. त्यांच्यातला ख्रिस्तोफर वीस वर्षं थेंब थेंब इंधन जमवतो. ते हाती आल्यावर भाऊबंदांना सोडवणं आणि जहाज चालू करणं यांत त्याला निवड करावी लागते. तो जहाज निवडतो. लाखो जणांना छावणीत ठेवून, फक्त आपल्या लहान मुलाला घेऊन तो निघून जातो आणि तीन वर्षांनी परत येईन असा शब्द देतो. चित्रपट पाहताना आपण त्याच्याच बाजूने असतो.