तीन महिन्यांची मुदत

१५१३ साली स्पेनच्या दरबारात एक जाहीरनामा तयार झाला. ‘रेकेरिमिएंतो’ हे त्याचे नाव. अमेरिकेत मोहिमेवर जाणाऱ्या सरदाराने तो तिथल्या रहिवाशांपुढे वाचायचा होता. पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली आहे, हे मान्य करा. न केल्यास युद्ध होईल, तुम्हाला गुलाम केले जाईल आणि त्याचा दोष तुमच्याच माथी राहील, असा त्याचा आशय. वाचन स्पॅनिशमध्ये होई, कधी रिकाम्या गावापुढेही. ऐकणाऱ्याला काय कळले हे कोणी विचारत नसे. वाचल्याची नोंद कारकुनाने केली की पुरे. पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १८७८ च्या भारतीय वनकायद्यात हीच रीत सौम्य, सरकारी भाषेत उतरली. एखादा टापू राखीव करायचा तर वन जमाबंदी अधिकाऱ्याने गावोगाव देशी भाषेत जाहीरनामा लावावा, किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी. ज्याला हक्क सांगायचा त्याने लेखी द्यावा किंवा समक्ष येऊन बोलावे. ज्याबद्दल दावा आला नाही आणि सरकारी चौकशीतही जो सापडला नाही, तो हक्क संपला. डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींची कहाणी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कहाणीशेजारी ठेवायची ती याच कलमापाशी. वसाहत तलवारीने सुरू होत असेल, पण ती टिकते नोंदीच्या नियमावर: जे लिहिलेले नाही ते कोणाचेच नाही, आणि जो बोलला नाही त्याची संमती आहे.

युरोपीय माणूस या भागात इंग्रजांच्या आधीच पोहोचला होता. डहाणूचा किनारा १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत, पोर्तुगीजांकडे होता. पण त्यांचा जीव किल्ल्यांत, बंदरांत आणि जकातीत अडकलेला. आतल्या डोंगरातल्या पाड्यांचे जगणे त्यांनी मुळापासून बदलले नाही. ते बदलले जंगलाच्या हद्दीने. वारल्याच्या भातशेतीचा आरंभ जंगलात होतो. पावसाआधी झाडांच्या फांद्या छाटायच्या, पाला, गवत आणि शेण रोपाच्या वाफ्यावर पसरून जाळायचे, त्या राखेत भात पेरायचे आणि रोप हातभर झाले की लावणी करायची. याला राब म्हणतात. राबाला पाला हवा, आणि पाला राखीव हद्दीत गेला. म्हणजे शेत वारल्याकडे राहिले तरी शेतीचा पहिला घास सरकारच्या ताब्यात गेला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत याविरुद्ध एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. पुढे १९२७ च्या वनकायद्याने फिरत्या शेतीला हक्क न म्हणता सवलत म्हटले. सरकार ती केव्हाही आवळू शकते, बंद करू शकते.

जंगल असे गेले. जमीन कर्जाने गेली. रयतवारीत प्रत्येक तुकड्याला खातेदार मिळाला आणि खाते म्हटले की ते गहाण पडू शकते, विकले जाऊ शकते. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी आणायची, सुगीला दीडपट फेडायची. न फिटलेले पुढच्या सालात ओढायचे. लग्नासाठी कर्ज काढणारा तर बायकोसकट मालकाच्या दारी राबे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत आणि त्याचे कर्ज बहुधा त्याच्या आयुष्यापेक्षा लांब असे. स्पॅनिश अमेरिकेतल्या ‘एन्कोमिएंदा’ पद्धतीत राजा सरदाराला एखाद्या टापूतल्या माणसांची खंडणी आणि वेठ बहाल करी, बदल्यात त्यांच्या धर्माची काळजी सरदाराने वाहायची. इथे बहाल करणारा राजा नव्हता. ते काम सावकाराची वही आणि तिच्यामागे उभे असलेले दिवाणी न्यायालय करत होते. ही अवस्था सरकारला ठाऊक नव्हती असेही नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत होते, आणि अशा भागांतल्या आदिवासींच्या स्थितीवर सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेरीस अहवालही दिला होता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सावकार, जमीनदार, जंगलाचे ठेकेदार बहुतेक इथलेच होते. मग याला वसाहत का म्हणायचे? उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे. स्पेनचा झेंडा उतरल्यावर तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन परत आली नाही. अर्जेंटिना स्वतंत्र होऊन साठ वर्षे उलटली होती, तेव्हा, १८७८ च्या सुमारास, तिथल्याच सेनापतीने पाम्पा आणि पातागोनियातल्या जमातींविरुद्ध मोहीम उघडली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८८७ च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटली, उरलेली ‘जादा’ ठरवली. १९३४ पर्यंत मूळ रहिवाशांकडची जमीन सुमारे १३ कोटी ८० लाख एकरांवरून ४ कोटी ८० लाखांवर आली. हे काम गोळीपेक्षा खातेवाटपाने झाले. बळकावणारा कोणत्या वंशाचा, हे म्हणूनच दुय्यम ठरते. जमीन विकाऊ करणारा आणि तोंडी हक्क शून्य मानणारा कायदा एकदा बसला की त्याचा लाभ उठवायला जवळचा माणूस पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत देवी आणि गोवराच्या साथींनी वस्त्याच्या वस्त्या पुसल्या. इथे तसे झाले नाही. २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत, डहाणूत दोन-तृतीयांशांहून जास्त. हा फरक खरा आहे आणि तो झाकून तुलना करणे अप्रामाणिकपणाचे. वारली जुन्या जगातल्या रोगांना शेकडो पिढ्या सरावलेले होते. पण साथीतून वाचलेल्या समाजाचे पुढे काय होते, हेच तर डहाणूत दिसते: माणसे नको झाली नाहीत, मजूर म्हणून हवी झाली. घोलवड-डहाणूच्या वाडीत हे उघड्या डोळ्यांनी दिसते. भौगोलिक मानांकन मिळालेला इथला चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा. त्याच्या झाडाचा चीक माया लोक चघळत. च्युइंग गमचा धंदा त्याच चिकावर उभा राहिला. युरोपीय जहाजांच्या वाटेने आलेल्या या झाडाखाली लांब बांबूचा झेला घेऊन उभा असलेला माणूस बहुतांशी आदिवासी असतो, वाडीचा मालक बहुतांशी नसतो. झाडाच्या मायभूमीतही चीक गोळा करणारे बरेचसे हात माया वंशाचे आणि नफा दूरच्या कंपन्यांचा, अशीच वाटणी होती.

या वाटणीला पहिला संघटित नकार १९४५ मध्ये मिळाला. २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या मेळाव्यात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे ठरले. सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. गोदावरीबाईंनी हा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. मागणी पाहिली तर किती साधी: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. या लढ्याचे खरे मोल मजुरीच्या आकड्यात नाही. सहा-सात दशके ज्यांचे गप्प राहणे संमती म्हणून दप्तरात जमा होत होते, त्यांनी एकत्र येऊन तोंडाने ‘नाही’ म्हटले.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे इतिहासजमा झाले. कूळकायदा आला, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आला, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा आला. आले खरे, आणि त्यांनी पुष्कळ दिलेही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत तर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुलीच आहे. पण दावा आजही वनवासीयानेच करायचा, पुरावा त्यानेच आणायचा, कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असल्याचे त्यानेच दाखवायचे. म्हणजे १८७८ ची मांडणी पूर्ण मोडलेली नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र उलटी झाली. या कायद्याच्या नियमांनी पुराव्याच्या यादीत दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब धरला आहे. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान यांच्या खुणाही धरल्या आहेत. ज्या तोंडी आठवणीला वन जमाबंदीने तीन महिने दिले होते, तिला सव्वाशेहून अधिक वर्षांनी का होईना, कागदाच्या रांगेत जागा मिळाली. बुलेट ट्रेन तलासरी-डहाणूतून जाते आहे, वाढवणला बंदर येते आहे, आणि जमिनीच्या नोटिसा पुन्हा गावात लागत आहेत. अशा वेळी म्हाताऱ्या वारल्याचा जबाब नकाशाइतका जड मानला गेला, तर वसाहत संपली असे म्हणता येईल. तो ‘पुरेसा पुरावा नाही’ या शेऱ्याखाली फाईलबंद झाला, तर १८७८ ची मुदत अजून चालूच आहे.