खडी आणि राडारोड्यासाठी चाळणीची निवड

क्रशरमधून निघालेल्या दगडाची 40, 20, 10 मिमी खडी आणि कच अशी प्रतवारी व्हायब्रेटिंग स्क्रीनवर होते. कोरड्या काळ्या दगडाला 15 ते 20 अंश उताराची, दोन-तीन थरांची चाळणी पुरते. माल ओला, चिकणमाती मिसळलेला असेल तर तारेच्या जाळीची भोके बुजतात. तिथे लवचीक पॉलियुरेथेन जाळी किंवा पाण्याचे फवारे लागतात. मोठे धोंडे ग्रिझलीच्या जाड दांड्यांवर आधीच अडवले, तर पुढची जाळी टिकते.

पाडकामाच्या राडारोड्यातली माती झाडायला फिरता ट्रॉमेल (दंडगोलाकार चाळणी) सोयीचा. चाळणी फक्त आकार पाहते. त्यामुळे लोखंड चुंबकाने, लाकूड-प्लास्टिक हवेच्या झोताने किंवा हाताने वेगळे काढावे लागते. राडारोड्यातल्या काँक्रीटपासून केलेली खडी आयएस 383 (2016) नुसार एम25 पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये जाड खडीच्या 20 टक्क्यांपर्यंत चालते.