आठ चौकोनांतला केरवा

तुमच्या घरी पेटी आहे? मग तिच्यावर एक जुना टॉवेल असेल आणि त्या टॉवेलवर इस्त्रीला द्यायचे कपडे. प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी आली आणि क्लास सुटला. पण गाणं सुटलं का? छे! कानात दिवसभर इअरबड्स आहेतच. क्लासमधलं संगीत आणि कानातलं संगीत, या दोघांची ओळख मात्र कुणी करून दिली नाही.

तुमच्यापैकी कुणी सोसायटीतल्या पोरांना शिकवतं, कुणी बीएड करतंय, कुणाच्या घरी तबल्याला कंटाळलेलं धाकटं भावंड आहे. ही ओळख करून देण्याचं काम आता तुमच्याकडे.

सुरुवात तालापासून करा. गूगलच्या ‘क्रोम म्युझिक लॅब’मध्ये ‘साँग मेकर’ आहे. फुकट आहे, साध्या फोनवरही चालतो. त्यात खाली ठेक्यासाठी चौकोनांच्या दोन ओळी असतात, एक जड आवाजाची, एक हलक्या. आठ चौकोन घ्या आणि केरवा भरायला सांगा. धा आणि धी जड ओळीत, ना आणि ती हलक्या. बोल तोंडाने म्हणत भरायचं, ही अट. मग एक चौकोन गुपचूप पुसा आणि विचारा, काय हरवलं? वहीत ‘मात्रा ८, विभाग २’ लिहून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे कानातून शिरतं. सहाचा दादरा करायचा असेल तर आधी एखादं कोळीगीत लावा. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहाच्याच हिशोबात चालतो आणि पोरांचे पाय तो आधीच ओळखत असतात.

रूपक करताना खरी गंमत येते. सात मात्रा आणि समेवरच खाली! पहिल्या बीटवर दणका हवाच, अशी आपल्याला डीजेने सवय लावली आहे. इथे पहिलाच चौकोन हलका ठेवावा लागतो. तो तसा का, यावर वर्गात भांडण लागलं तर लागू द्या.

रॅपचं म्हणाल, तर माझ्या मते लयकारी शिकवायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. ट्रॅपमध्ये ज्याला ट्रिपलेट म्हणतात, ती आपली तिगुनच की. मागे साधा ठेका लावा, मुलांना स्वतःच्या चार ओळी लिहू द्या. बसचा पास, मेसचा डबा, काहीही चालेल. आधी एकपट म्हणायचं, मग दुप्पट, मग तिगुन, आणि शेवटची ओळ तीनदा म्हणून समेवर यायचं. तिहाई झाली! तबलजी पढंत करतात, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. आणि लूप तर आपल्याकडे कधीचाच आहे. तबला सोलोच्या मागे एकच धून फिरत राहते, तो लेहरा म्हणजे काय दुसरं?

‘हे सगळं ठीक, पण हे संगीत नव्हे’ असं एखादे सर म्हणतीलच. त्यांना आदराने पेटीची गोष्ट सांगा. आज क्लासमध्ये जिच्याशिवाय पान हलत नाही, ती पेटी आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंद ठेवली होती. आणि पंडित भीमसेन जोशींना लहानपणी वेड लावलं ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ग्रामोफोन तबकडीने. ती ऐकली आणि त्यानंतर ते गुरूच्या शोधात घराबाहेर पडले.

पण सरांचं एक म्हणणं खरं आहे. पेटीवर आक्षेप होता तो तिच्या ठरलेल्या सुरांवर. ऑटोट्यूनची खोड तीच, फक्त जास्त हट्टी. दरबारीतला आंदोलित गंधार गाऊन त्यात घाला. ते हळुवार डोलणं मोडून पायऱ्या पडतात. प्रयोग म्हणून जरूर करा, त्यातून श्रुती समजते. रोजच्या रियाजाला मात्र तानपुऱ्याचं ॲप आणि फोनचा रेकॉर्डर पुरे. ‘दहा मिनिटांत गाणं शिका’वाले व्हिडिओ माझ्या लेखी टाइमपास. बोटं कुठे ठेवायची ते सांगतात, ऐकायचं काय ते सांगत नाहीत.

आता शेवटचा प्रयोग, मला सगळ्यात आवडणारा. साँग मेकरच्या सेटिंगमध्ये ‘पेंटाटॉनिक’ निवडा. समोर पाचच सूर उरतात, सा रे ग प ध. मुलांनी कुठेही बोट लावलं तरी बरंच वाटतं. कुणीच ‘बेसूर’ ठरत नाही, आणि लहानपणी ‘तू मागे उभा राहून नुसते ओठ हलव’ असं ऐकलेल्या पोरासाठी हे फार मोठं आहे. त्याची चाल तयार झाली की सांगा, हे भूपाचे सूर आहेत. मग हेही सांगा, की देसकाराचेही सूर हेच पाच. ॲपला दोन्ही सारखेच दिसतात. भूप गंधारावर रेंगाळतो, संध्याकाळनंतर गातात. देसकार वरच्या धैवताकडे ओढ घेतो, सकाळी गातात. दोन्ही रागांचं एकेक रेकॉर्डिंग ऐकवा, फोन उलटा ठेवा आणि विचारा, तुझी चाल यातल्या कुणाची?

आणि हो, त्याच्या आधी पेटीवरचे कपडे उचला. सा द्यायला ती लागेल.