चवीवरून कळत नाही

ड्रिंक स्पायकिंग म्हणजे न सांगता कुणाच्या पेयात गुंगीचं औषध किंवा जास्तीची दारू मिसळणं. ‘चव बदलली की कळेलच’ हा समज सर्रास आढळतो. पण कोकम सरबतात चिमूटभर साखर जास्त पडली तर ओळखू येते का? तसंच हे. म्हणून ग्लास नजरेआड झाला, तर तो सोडून द्यावा.

थोडंसं पिऊनच जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर लगेच विश्वासातल्या माणसाला सांगा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा, 108 वर फोन करा, एकटं सोडू नका. ‘झोपली की उतरेल’ म्हणत थांबणं जिवावर बेतू शकतं. जीएचबी (गुंगी आणणारं रसायन) लघवीत साधारण 12 तासच सापडतं. तपासणीला तातडीनं जावं. दुसऱ्या दिवशी काही आठवत नसलं तरी दोष पिणाऱ्याचा नाही. वाईट हेतूनं गुंगीचं औषध पाजणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली गुन्हा आहे. शिक्षा 10 वर्षांपर्यंत.