गाणाऱ्यांचा श्वास ज्याच्या बोटांत असतो

पियानोची पट्टी जोरात दाबली की सूर दणदणीत येतो, अलगद दाबली की हळुवार. चर्चमधल्या पाइप ऑर्गनवर मात्र कितीही जोर लावा, सूर तेवढाच! तिथली पट्टी फक्त हवेची झडप उघडते. शिवाय बोट उचललं की सूर तत्क्षणी तुटतो. म्हणून ऑर्गनवादक एक विलक्षण कसब कमावतो: पट्टी दाबलेलीच ठेवून तिच्यावरचं बोट गुपचूप बदलायचं, म्हणजे मोकळं झालेलं बोट पुढच्या सुराकडे वळतं. बालगंधर्वांच्या नाटकातल्या ऑर्गनला पायांनी भाता मारावा लागे. पाइप ऑर्गनवर पाय चक्क खर्जाचे सूर वाजवतात.

चेन्नईच्या एग्मोरमध्ये 1821 साली उघडलेलं सेंट अँड्र्यूज चर्च आहे, लोकांच्या तोंडी 'द कर्क'. तिथली जमीन भुसभुशीत, म्हणून अभियंते थॉमस डी हॅविलंड यांनी पाया विहिरींवर घातला. सोळा खांबांवर पेललेला गोल घुमट आतून निळा आहे. हँडेल मॅन्युएल या चर्चचे ऑर्गनवादक होते. एरवी ते आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचं काम बघत, आणि 1893 साली स्थापन झालेल्या मद्रास म्युझिकल असोसिएशनचा गायकवृंद घडवत. चर्चमध्ये वाजवणं आणि इतरांना शिकवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, असं मला त्यांच्याकडे पाहून ठामपणे वाटतं.

कारण प्रार्थनेच्या गाण्यात वादकाचं खरं काम दुसऱ्यांना गायला लावणं हे असतं. ओळ संपली की तो बोटं उचलतो. त्या फटीत शेकडो माणसं श्वास घेतात. फट आखूड पडली तर म्हाताऱ्यांची दमछाक, लांबली तर लय ढिली. त्यात ध्वनीची गंमत बघा. पंधरा मीटरवरच्या बाकापर्यंत सूर पोहोचून तिथलं गाणं परत येईतो सेकंदाचा साधारण अकरावा हिस्सा सरतो. वादक त्या आवाजासाठी थांबला, तर प्रत्येक ओळीगणिक गाणं मंदावत जातं. म्हणजे लोकांचं ऐकायचं, पण त्यांच्यामागे जायचं नाही! पियानोच्या विद्यार्थ्यालाही चांगला शिक्षक म्हणूनच आधी ओळ गायला लावतो. श्वास कुठे लागतो हे गळ्याला कळलं की हाताला सांगावं लागत नाही.

चेन्नईची हवासुद्धा यात आपला वाटा उचलते. पाइपमधली हवा दहा अंशांनी तापली तर सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास एक तृतीयांशाने चढतो, कारण उष्ण हवेत ध्वनी वेगाने धावतो. पियानोचं तसं नाही. त्याचं लाकूड समुद्राकडून येणारा दमटपणा पिऊन फुगतं, तारा ताणल्या जातात. एकाच दालनातली ही दोन वाद्यं त्यामुळे ऋतूप्रमाणे एकमेकांपासून दुरावतात.

याच शहरात धनराज मास्तरांनी इळैयाराजा आणि ए. आर. रहमान या दोन्ही चित्रपट-संगीतकारांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं. इळैयाराजांचं एखादं जुनं गाणं हेडफोन लावून ऐका आणि चाल सोडून फक्त खर्जातल्या बेस गिटारच्या मागे जा. चर्चच्या गायकवृंदातल्या चार आवाजांपैकी सर्वांत खालच्या आवाजासारखीच तीही आपल्या वेगळ्या वाटेने चालत असते, आणि वरच्या चालीला जागोजागी नवा रंग देत जाते.