थंड प्रदेशातील कुंडीतले अंजीर : वाणाची निवड

अंजीर हे मूळचे उष्ण व कोरड्या हवेतील फळझाड. पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या काठचा प्रदेश ही त्याची मायभूमी मानली जाते. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका अंजिरासाठी प्रसिद्ध असून तेथील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेचा ईशान्य भाग अशा थंड प्रदेशांतही अनेक जण हौसेने अंजीर लावतात.

यामागे तसेच कारण आहे. अंजीर झाडावरून काढल्यानंतर पिकत नाही. कच्चे काढलेले फळ मऊ पडले तरी त्याला गोडी येत नाही. पूर्ण पिकलेले फळ मात्र इतके नाजूक असते, की ते दूरच्या बाजारात पाठवणे कठीण जाते. ताज्या अंजिराचा खरा स्वाद घ्यायचा, तर झाड दारातच हवे. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांनी मायदेशाची खूण म्हणून अंगणात अंजिराची झाडे लावली. हिवाळ्यात ती गोणपाटात गुंडाळून, प्रसंगी वाकवून मातीखाली पुरून त्यांनी जगवली. कुंडीतील झाडासाठी एवढे कष्ट पडत नाहीत. थंडी पडताच कुंडी आडोशाला नेता येते.

परंतु झाड जगणे वेगळे आणि फळ पिकणे वेगळे. अयोग्य वाण निवडल्यास झाड वाढते, पाने डेरेदार येतात, फळेही धरतात; पण ती पिकण्यापूर्वीच गळतात किंवा थंडीत सापडतात. ही चूक ध्यानात येईपर्यंत दोन-तीन वर्षे निघून जातात. म्हणून रोप घेण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक ठरते.

परागीभवनाचा प्रश्न

वड, पिंपळ व उंबर हे अंजिराचे सगोत्र वृक्ष होत. उंबराप्रमाणेच अंजिराची फुले बाहेरून दिसत नाहीत. ज्याला आपण फळ म्हणतो, त्या पोकळ पिशवीच्या आत शेकडो सूक्ष्म फुले असतात. पिशवीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. त्याला अंजिराचा डोळा म्हणतात. काही प्रकारांत या छिद्रातून एक अतिसूक्ष्म कीटक आत शिरून परागीभवन घडवतो. तसे न झाल्यास फळ गळून पडते.

तुर्कस्तानातील स्मर्ना हा असा प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात स्मर्ना अंजिराच्या बागा लावण्यात आल्या. परंतु फळे टिकेनात. १८९९ साली हा कीटक तेथे यशस्वीपणे रुजवला गेला, तेव्हा कुठे त्या बागा फळल्या. ब्रिटनसारख्या थंड देशात हा कीटक आढळत नाही. त्यामुळे तेथे परागीभवनाविना फळ पिकवणारा ‘सामान्य अंजीर’ या वर्गातील वाणच निवडावा लागतो. सुदैवाने घरगुती लागवडीतील बहुतेक वाण याच वर्गातील आहेत.

दोन बहार

पुण्याकडील शेतकऱ्यांना अंजिराचे खट्टा बहार व मीठा बहार परिचित आहेत. थंड प्रदेशातही झाडाला दोनदा फळ येऊ शकते. पहिला बहार गेल्या वर्षीच्या फांदीवर येतो. वाटाण्याएवढी बारीक फळे फांदीच्या शेंड्याशी हिवाळा काढतात आणि पुढील उन्हाळ्यात वाढून पिकतात. दुसरा बहार त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतो व शरद ऋतूत पिकतो. कोणत्या बहारावर भिस्त ठेवायची, हे हवेवरून ठरते.

लंडन किंवा सिएटलसारख्या ठिकाणी हिवाळा सौम्य असतो, पण उन्हाळाही फारसा तापत नाही. तेथे दुसरा बहार पिकण्याइतकी ऊब अनेकदा मिळत नाही. पहिलाच बहार हाती लागतो. याउलट न्यूयॉर्क किंवा शिकागोकडे उन्हाळा कडक असतो. परंतु हिवाळ्यात उघड्यावरच्या फांद्या शेंड्यापासून मरतात. तेथे नव्या फुटीवर लवकर पिकणारा वाण हवा.

काही उपयुक्त वाण

‘ब्राउन टर्की’ हा ब्रिटनमधील घरगुती बागांत सर्वपरिचित असलेला वाण. तो काटक व भरवशाचा असून रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला गुणवत्तेचा पुरस्कार दिला आहे. मात्र अमेरिकेत याच नावाने निराळे झाडही विकले जाते, हे ध्यानात ठेवावे. ‘व्हाइट मार्सेल्स’ या वाणाची फळे फिकट हिरवी व गोड असतात. लंडनमधील लॅम्बेथ राजवाड्याच्या आवारात या वाणाचे जुने झाड असून ते सोळाव्या शतकात कार्डिनल पोल यांनी आणले, असे परंपरेने सांगितले जाते. ‘ब्रन्सविक’चे फळ मोठे असते, पण सतत पाऊस पडल्यास ते फुटते.

‘डेझर्ट किंग’चा पहिला बहार परागीभवनाविना पिकतो, दुसऱ्याला मात्र परागीभवन लागते. म्हणून सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात तो उत्तम ठरतो. पण जेथे जुन्या फांद्या थंडीने मरतात, तेथे तो निरुपयोगी होय.

कडक हिवाळ्याच्या प्रदेशात ‘शिकागो हार्डी’ उपयोगी पडतो. त्याच्या फांद्या थंडीने मेल्या, तरी बुंध्यापासून फुटलेल्या नव्या फांद्यांना त्याच वर्षी फळे येऊ शकतात. ‘सेलेस्ट’चे फळ लहान व गोड असते. त्याचा डोळा जवळजवळ बंद असल्याने पावसाचे पाणी व किडे सहसा आत शिरत नाहीत. ‘व्हायोलेट द बोर्दो’चे झाड ठेंगणे, फळ गर्द जांभळे व गर लाल असतो. जागा अगदीच थोडी असेल, तर कुंडीसाठी हा वाण विशेष सोयीचा आहे.

कुंडीतील निगा

मुळांना मर्यादित जागा मिळाली, की अंजीर पानांपेक्षा फळांकडे वळते. म्हणून कुंडी त्याला मानवते. सुरुवातीस सुमारे ३० सेंटिमीटर व पुढे सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाची कुंडी पुरते. पाण्याचा निचरा चांगला हवा आणि जागा भरपूर उन्हाची हवी. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास केवळ पाला वाढतो. फळे भरताना पालाशयुक्त खत द्यावे. दर दोन-तीन वर्षांनी माती बदलून मुळे थोडी छाटावीत.

जमिनीतील मुळांपेक्षा कुंडीतील मुळांना थंडी लवकर बाधते. पाने गळल्यावर कुंडी न तापवलेल्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये ठेवावी. झाड निद्रावस्थेत असल्याने त्याला प्रकाशाची गरज नसते. माती पूर्ण सुकू नये, एवढेच पाणी द्यावे. वसंतात कुंडी हळूहळू उन्हात आणावी. फांद्या छाटताना हातमोजे वापरावेत, कारण अंजिराचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडले, तर कातडीची आग होते.

रोप नेहमी विश्वासू रोपवाटिकेतूनच घ्यावे. अंजिरावरील विषाणूजन्य केवडा रोग छाट कलमांतून पसरतो. परदेशी स्थायिक झालेल्या काही जणांना गावाकडच्या झाडाची फांदी सोबत न्यावीशी वाटते; पण अनेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय फांदी नेणे कायद्याने मना आहे. शिवाय आपल्याकडे उत्तम फळणारे झाड तिकडच्या अल्पकाळ टिकणाऱ्या उन्हाळ्यात फळे पिकवीलच, असे नाही. कोणते अंजीर सर्वांत गोड, यापेक्षा आपल्या हवेत कोणते पिकते, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर नीट शोधले, तर थंड देशातील लहानशा गच्चीतही झाडावर पिकलेले अंजीर खायला मिळते.