वेबस्रोतांचे वर्णन आणि तालिकीकरणाचे संकेत

वेबस्रोतांच्या वर्णनासाठी १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन (ओहायो) येथील कार्यशाळेतून ‘डब्लिन कोअर’ ही योजना पुढे आली. तिच्या मूळ संचात शीर्षक, निर्माता, विषय, प्रकाशक आदी १५ घटक आहेत. तथापि, नाव कोणत्या रूपात लिहावे हे ती ठरवीत नाही. तेथे ग्रंथालयीन तालिकीकरणाचेच संकेत उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाचे २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे नामांतर झाले. आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमांनुसार प्रत्येक काळातील साहित्य त्या त्या नावाखाली नोंदवून दोन्ही नावे ‘हेही पहा’ या निर्देशाने जोडावयाची असतात. हा दुवा नसल्यास प्रबंध शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती एकाच कालखंडातील संशोधन लागते. म्हणून संकेतस्थळावर साहित्य ठेवण्यापूर्वी महाविद्यालयांनी ग्रंथपालांकडून प्रमाणित नामसूची तयार करून घेणे आवश्यक ठरते.